तंबाखू कुठं खातो मी?

“हे लोक खोटंच बोलतात. लिहून घ्या,” सर म्हणाले.

हे लोक म्हणजे माझे बाबा. नागपुरातल्या दवाखान्यात खाटेवर बसलेले. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. आम्ही डॉक्टरकीचे विद्यार्थी, एप्रन घालून भोवती उभे. सरांनी विचारलं होतं, “तंबाखू खाता?” बाबा म्हणाले, “नाही जी.” सरांनी टॉर्च मारून गालातली जखम दाखवली. पोरं हसली.

बाबांनी मला पाहिलं होतं. पण ओळख दाखवली नाही. पोरीची इज्जत जाऊ नये म्हणून मान फिरवून बसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी पुढे झाले. “बाबा, खर्रा खाता ना?”

“खर्रा त खातोच ना वं,” ते म्हणाले. “हिंगण्याले कारखान्यात डबल शिफ्ट राहते. मशीनवर झोप येते. पण तंबाखू कुठं खातो मी?”

सुपारी, तंबाखू, चुना. प्लास्टिकच्या पन्नीवर घोटलं की आमच्याकडे त्याचा खर्रा होतो. पाहुण्यालाही पुढे करतात. त्याला तंबाखू कोणीच म्हणत नाही.

“सर, ते खोटं बोलले नाहीत. तुमचा प्रश्न चुकला.”

“तुम्ही यांच्या वकील का?”

“मुलगी.”

हसू थांबलं. सरांनी माफी मागितली नाही, पुढच्या खाटेकडे वळले. मी गेले नाही. बाबांजवळ बसले. ते पुटपुटले, “उठ वं, साहेब रागावतीन.” नाही उठले.

तोंडाच्या कॅन्सरातून बाबा वाचले नाहीत. आज मी डॉक्टरकीच्या पोरांना तेच शिकवते, रोगप्रतिबंध आणि व्यसन. व्यसनाची कारणं विचारली की पोरं पाठ केलेलं म्हणतात: अज्ञान, गरिबी, संगत. मी विचारते, माणसाला झोपेविना मशीनवर उभं करणारा मालक यात कुठे आहे? पोरं पुस्तकात शोधतात. मला स्वस्थ बसवत नाही.

विभागप्रमुख म्हणतात, “मॅडम, अभ्यासक्रमापुरतं बोला. भावनिक होऊ नका.”

होणार. सोमवारचा तास वर्गात नाही. बुटीबोरीला, कारखान्याच्या गेटवर, पाळी सुटताना. आधी कामगार बोलतील, आम्ही ऐकू. परवानगी मागितली होती, नाकारली. पोरांना सांगून ठेवलंय, जमिनीवर बसायची तयारी ठेवा. कारवाई झाली तर माझ्यावर होऊ दे. एकही पोरगं आलं नाही तरी मी जाणार आहे.