पडवीतला झेंडा

आमच्या शेजारचे चाचा तरुणपणी जहाजावर खलाशी होते. भाट्याच्या किनाऱ्यावरून बोट दिसली की अजूनही आधी झेंडा बघतात, मग बोट. बंदर ज्या देशाचं, त्याचा झेंडा जहाजावर चढवायचा, हे काम त्यांचं. एकदा जहाज मोझांबिकच्या बंदरात शिरत होतं; तो देश पोर्तुगीजांच्या राज्यातून नुकताच स्वतंत्र झाला होता, तरी यांनी सवयीने पोर्तुगीजांचाच चढवला.

"जहाज धक्क्याला लावायला आलेला तिथला माणूस रागावला नाय हो. नुसता वर बघत राहिला," एवढंच सांगतात.

दर जूनमध्ये, त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, चाचा पडवीत हाताने शिवलेला एक झेंडा लावतात. पहिल्या वर्षी मी शहाण्यासारखं विचारलं, "कुठल्या पक्षाचा, चाचा?"

"पक्षाचा नाय, बाबा. तेव्हा चढवायचा राहिला होता, तो."