अण्णांचा हळदीचा कारखाना

घरात लग्नाचं कुणी नसताना बारा महिने हळद कुटणारा माणूस मी एकच पाहिला: घनसावंगीला आमच्या शेजारी राहणारे अण्णा. पहिल्यांदा त्यांच्या अंगणातून कुटण्याचा आवाज आला, तेव्हा गल्लीतल्या सवाष्णी मुसळाला बांधायला आंब्याची पानं घेऊनच पोचल्या. "कुणाचं लगीन काढलं, अण्णा?"

"लगीन न्हाई, औषध हाय. आल्याच तर जरा बारीक कुटा," असं म्हणत अण्णांनी त्यांच्याकडून सगळी हळद कुटून घेतली.

कारण गमतीचं नव्हतं. अण्णांच्या बायकोला, आमच्या काकूंना, मोटर न्यूरॉनचा आजार झाला होता. स्नायूंना हलवणाऱ्या नसाच त्यात मरत जातात. आधी भाकरी थापणारे हात गेले, मग पाय, मग जीभ जड झाली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी हात टेकले. त्याच सुमारास अण्णांनी पेपरात वाचलं, की हळदीतल्या एका घटकानं अशा नसा वाचतील का, हे उंदरांवर तपासून पाहताहेत. त्यातला 'का' अण्णांनी सोयीस्करपणे गाळला.

मग चहा पिवळा, भाकरी पिवळी, अण्णांचं धोतरही पिवळं. नुसती हळद रक्तात फारशी उतरत नाही असं डॉक्टर म्हणाले, तर हे तिच्यात मिरपूड आणि तूप घालू लागले. "उंदराला गुण येऊ शकतो, मंग आपल्या माणसाला का न्हाई?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकू अडखळत म्हणायच्या, "मी उंदीर हाय का?" आणि पेला संपवायच्या. तो चहा मीही प्यायलो. माझ्या नसा ठणठणीत आहेत, हा पुरावा अण्णा येईल त्याला दाखवत.

एका दुपारी हळदीचं दूध पिताना काकूंना जोराचा ठसका लागला, जीव घाबरा झाला. दवाखान्यात नाकातून नळी घातली. "नळीतून हळद चालंल का, साहेब?" अण्णांनी विचारलं.

"आता बास करा, अण्णा. त्यांना त्रासच होतोय," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर अण्णा अंगणात नुसतेच उभे राहिले. "मंग आता मी करू तरी काय?" त्यांनी मला विचारलं.

उत्तर आतून, खाटेवरून आलं. काकूंचं बोलणं एरवी फक्त अण्णांनाच कळायचं, पण हे मलाही कळलं.

"बसा की जवळ."

अण्णा आत जाऊन बसले. काकूंना हात पुढे करता येईना, म्हणून अण्णांनीच तो उचलून मांडीवर घेतला. महिन्याभरानं काकू गेल्या, तेव्हाही तो हात तिथंच होता.