दोरीचं दुसरं टोक

आमच्या खोऱ्यातल्या शाळेची बस ओलेटा फ्युगेट चालवायची. तीस वर्षांत ती एकही पोर रस्त्यात विसरली नाही आणि एकही अपमान विसरली नाही. पहिल्या गोष्टीबद्दल शाळेने तिला निवृत्तीच्या दिवशी केक कापून दिला. दुसरी गोष्ट मी जवळून पाहिली, म्हणून लिहितो.

केंटकीच्या या डोंगरात शनिवारी सकाळी बार ऐकू आला नाही तर लोक एकमेकांना विचारतात, आज कोण गेलं? आमच्या मैदानावर फक्त ठासणीच्या बंदुका चालतात. आधी नळीत काळी दारू मोजून ओतायची, मग चरबी लावलेल्या चिंधीत गोळी बसवून ती गजाने ठासायची. मग ओंडक्यावर नळी टेकवून पालथं पडायचं, बंदुकीच्या कानाशी चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घालायची आणि साठ यार्डांवरच्या फळीवर नेम धरायचा. गारगोटीची ठिणगी पडते, रंजक भुस्सकन पेटते आणि तिच्या मागोमाग बार होतो. समोर पांढरा धूर उभा राहतो. गोळी कुठे लागली ते तो विरेपर्यंत कळत नाही.

ओलेटाला ते थांबणं फार आवडायचं. धुरात नाक घालून गंधकाचा वास ओढून घ्यायची आणि डोळे मिटायची. आम्ही चिडवायचो की चर्चमध्येसुद्धा हिचा चेहरा असा भाविक होत नाही. ती म्हणायची, तिथे बार कुठे काढू देतात? संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुताना काळं पाणी वाहून जायचं, तेही ती कौतुकाने बघत बसायची. हाताला काळं लागल्याशिवाय तिचा शनिवार शनिवार व्हायचा नाही. मात्र या सगळ्या आनंदात एक काटा होता, आणि त्याचं नाव बर्चेल स्टँपर.

त्यासाठी आमचं मोजमाप सांगायला हवं. प्रत्येकाने आपली फळी आणायची आणि तिच्या मधोमध चाकूने फुली कोरायची. दहा बार झाले की फुलीपासून प्रत्येक भोकापर्यंतचं अंतर एकाच दोरीवर पुढे पुढे मोजत जायचं. ज्याची दोरी सगळ्यांत आखूड, तो जिंकला. दोरी मोजायला दोन माणसं लागतात. एक मोजणारा, आणि जिंकेल असं दिसणाऱ्याची फळी शेवटी मोजताना दुसरं टोक धरायला त्याच्या खालोखालचा, म्हणजे लबाडीला वाव नको. त्या दोघांचा शब्द शेवटचा.

तेहतीस वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या कपाच्या सामन्यात ओलेटाची दोरी सगळ्यांत आखूड भरली. मोजणारा होता तिचा बाप आर्विल आणि दुसरं टोक बर्चेलच्या हातात होतं. बर्चेल टोक सोडून उभा राहिला आणि चारचौघांत म्हणाला की आर्विलने लेकीसाठी अंगठ्याखाली दोरी खाल्ली. मोजणारा पडला बाप, आणि टोक धरणाऱ्याचाच शब्द, मग विचारतो कोण. कप बर्चेलला गेला. आर्विलने घरी जाऊन बंदूक भिंतीला टांगली ती पुन्हा उतरवली नाही. चार वर्षांनी तो मेला. शेवटच्या महिन्यात तो पडल्या पडल्या अंगठा वर करून बघायचा, असं ओलेटानेच मला सांगितलं.

त्यानंतर तिने एकही सामना चुकवला नाही. बर्चेलला हरवायचं आणि दोरीचं टोक त्याच्या हातात द्यायचं, एवढंच तिचं मागणं होतं. पण मेल्याचा नेम देवाने घडवलेला. ती दुसरी यायची, तिसरी यायची, आणि बर्चेल दरवेळी टोपी उचलून म्हणायचा, "छान मारलंस हं, पोरी." ती एकसष्ट वर्षांची झाली तरी पोरीच. गेल्या वर्षी बर्चेल एकोणऐंशीचा झाला आणि त्याने जाहीर केलं की हा आपला शेवटचा ऑक्टोबर. ओलेटा आठवडाभर जेवली नाही धड. राजम्याचं कालवण आणि मक्याची भाकर पुढ्यात घेऊन नुसती चिवडत बसायची. म्हातारा न हरता घरी गेला तर ती कुणाशी लढणार होती?

आता मोजणारा मी आहे. माझी गोळी फळीलाच लागत नाही, म्हणून माझ्या प्रामाणिकपणाची सगळ्यांना खात्री आहे.

त्या शनिवारी ओलेटाचे दहा बार झाले होते. बर्चेलचे नऊ झाले होते, आणि दुर्बिणीतून साफ दिसत होतं की तो पुढे आहे. दहावा बार भरायला तो बाकाशी आला. शेजारीच ओलेटा आपली नळी पुसत होती. त्याने दारू भरून ठेवलेलं शिंग हातात घेतलं, तेवढ्यात कुणीतरी पणतीच्या बारशाबद्दल विचारायला आलं. बर्चेल खुलला. बोलता बोलता त्याने शिंग परत खांद्याला अडकवलं, चिंधी घेतली, गोळी घेतली आणि दारू न ओतताच कोरड्या नळीत ठासली.

आमच्याकडे हे प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी होतं. म्हणून बाकाचा एकच धर्म आहे. ज्याच्या लक्षात येईल त्याने, मग तो वैरी का असेना, "दारू" एवढं म्हणायचं. मराठी कानाला हा शब्द ऐकून भलतीच आशा वाटेल, पण आमच्या मैदानावर तो फार सज्जन शब्द आहे. ओलेटा हातभर अंतरावर होती. तिने पाहिलं. तिने चिंधीची घडी केली, खिशात ठेवली आणि गप्प राहिली.

बर्चेल पालथा पडला. रंजक भुस्स झाली. पुढे काहीच नाही.

लोक हसून हसून वाकले. रिवाजाप्रमाणे त्याच्या गळ्यात गाईची घंटा बांधली. चुकलेल्या बाराच्या दंडाचे चार इंच त्याच्या दोरीत वाढले आणि ती पंधरा इंच झाली. ओलेटाची मोजायची राहिली होती. मी फुलीवर दोरी धरली आणि दुसरं टोक बर्चेलच्या हातात दिलं. ओलेटा त्याच्या अगदी समोर उभी राहिली, हाताची घडी घालून. तिच्या चेहऱ्यावरचं सुख लपत नव्हतं, आणि खरं सांगतो, मलाही म्हाताऱ्याची कीव आली नाही.

साडेतेरा इंच भरली.

बर्चेल मान खाली घालून म्हणाला, "तू पाहिलंस, पोरी."

"पाहिलं."

"एक शब्द बोलायचा होता."

"तू त्या दिवशी जास्तीचं बोललास ना, त्यातून वजा कर."

बर्चेलने दोरी बोटाला गुंडाळली. आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "आर्विलचा अंगठा सरळ होता. मला दिसत होतं. मला हरायचं नव्हतं, बास. आता फिटलं की नाही आपलं? तू गप्प, मी गप्प."

मला वाटलं ओलेटा रडेल. ती तडक टेबलाकडे गेली आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला. ती म्हणाली, "बर्चेलने दारू घातली नाही ते मी पाहिलं होतं. मी बोलले नाही. कप माझा नाही." बाकाचा धर्म मोडणाऱ्याला वर्षभर बंदी, हे तिला पाठ होतं. "आता बर्चेलला माझ्या बाबाबद्दल सांगायचंय. आत्ताच मला सांगितलंय त्याने. मोजणाऱ्यानेही ऐकलंय."

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. तिने मला विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तरी हलवलीच असती.

बर्चेलला पळायला जागा उरली नाही. ध्वनिक्षेपक तोंडाशी धरून त्याने आर्विलचं पूर्ण नाव घेतलं आणि सगळं सांगितलं. मधे आवाज बसला तेव्हा ओलेटा म्हणाली, "मोठ्याने. मागच्यांना ऐकू येत नाहीये." त्याने पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. जुन्या खोट्यापायी बर्चेलही बाद झाला आणि कप तिसऱ्या आलेल्या शहरी दंतवैद्याला गेला. नक्की काय झालं ते त्याला अजून कळलेलं नाही.

बंदीच्या वर्षात ओलेटा घरामागे एकटीच बार काढते. परवा मी गेलो तेव्हा ती नळी धूत होती. तिच्या बाजूने न्याय झाला होता, म्हातारा चारचौघांत उघडा पडला होता, तेव्हा मन निवलं असेल अशा समजुतीने मी सहज विचारलं, बर्चेल पुन्हा कधी बाकाशी आला आणि दारू विसरला, तर या वेळी सांगशील ना?

"नाही सांगणार," ती म्हणाली. "त्याने लोकांना सांगितलं. बाबाला कुठे सांगितलं?"