श्रावणातलं परळ, डोळ्यांची आखणी आणि माझं तोंड

माझ्या कार्डावर ‘लिंगभाव समानता तज्ज्ञ’ असं छापलेलं आहे. ते वाचून सोसायटीतले एक आजोबा मला डॉक्टर समजतात आणि लिफ्टमध्ये दबक्या आवाजात औषध विचारतात. काम खरं असं: परदेशी पैशांवर चालणारे मुलांच्या विकासाचे कार्यक्रम मुलींपर्यंत पोचतात का ते बघायचं, आणि पोचत नसतील तर मार्गदर्शिका लिहायची. मार्गदर्शिका मी फार छान लिहिते.

लालबागमध्ये आमचा किशोरवयीन मुलींचा एक गट आहे. त्याला पैसे देणाऱ्या संस्थेची हेलेना तो बघायला येणार, असं श्रावणात कळलं. “सोबत तुम्ही जा,” आमचे साहेब म्हणाले. “तिच्या लक्षात राहील असं काहीतरी दाखवा.” मी बॅग भरली.

शनिवारी पुण्याहून सकाळची बस धरली. घाटात ट्रकांनी रांग लावली होती, त्यामुळे दादरला उतरेपर्यंत जेवणाची वेळ झाली. दादरला उतरलात तर आधी साबुदाणा वडा आणि पियूष, मग बाकीचं जग. टॅक्सीवाले गिरगाव ऐकून नाक मुरडतात. दोन सोडायच्या, तिसरी मीटरने येते. गिरगावात लॉज घेणार असाल तर मागच्या बाजूची खोली मागा, पुढच्या खोलीत रस्ता तुमच्यासोबत झोपतो.

हेलेना संध्याकाळी आली. पन्नाशीची, उंच, आणि भुकेली. खानावळीत मी तिच्यासाठी इंग्रजी मेनू शोधत होते, तोवर तिने वेटरला सांगितलं, “भैया, एक और थालीपीठ, मक्खन ज़्यादा.” दिल्लीत काही वर्षं काढलेली बाई. मला कौतुक वाटलं. ते फार टिकलं नाही.

रविवारी सकाळी परळ. श्रावणात इथे येणार असाल तर चपला जुन्या घाला. ताडपत्रीच्या मांडवांत मूर्तींचे कारखाने, खाली ओली माती, वर रंगाचा वास, आणि दोन मूर्तींमधून वाट काढताना पोट आत घ्यावं लागतं. फोटो विचारून काढा. बिनरंगाची सोंड आणि तुमचा सेल्फी कुणालाच आवडत नाही.

आमच्या गटातली रेवती तिच्या वडिलांच्या कारखान्यात होती. बारावीची मुलगी, एका घरगुती मूर्तीसमोर मांडी घालून बसलेली. डोळ्यांची आखणी, म्हणजे मूर्तीचं शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम, तिच्याकडे होतं. ब्रश टेकवताना ती श्वास धरायची. बुबुळाची रेघ पुरी झाली की सोडायची. बघता बघता आम्हीही श्वास धरायला लागलो.

तिच्या वडिलांना सगळे दत्ताभाऊ म्हणतात. मालवणकडचे, तीन पिढ्या परळमध्ये. त्यांनी चहा मागवला आणि हेलेनाला कारखान्याची शिस्त सांगितली, मी भाषांतर केलं. “चामड्याचं काही आत आणायचं नाही. खोटं बोलायचं नाही. आणि बायकांनी ते चार दिवस इकडे पाऊल टाकायचं नाही. वडिलांपासूनची रीत आहे.”

रेवतीने मान वर केली नाही. ब्रश मात्र थांबला.

तो का थांबला ते मला माहीत होतं. गटाची ताई वैशाली हिने मला फोनवर सांगितलं होतं: रेवती ते चार दिवस पाळत नाही. गटात एकदा ती म्हणाली होती, “ऐन श्रावणात चार दिवस घरी बसले तर माझी जागा दुसरा घेईल. मग परत कोण देतंय?” घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर मांडवातली ती जागा गेलीच होती.

आता माझं तोंड. परळहून लालबागला चालत जाता येतं, पण हेलेनाला ऊन लागत होतं म्हणून टॅक्सी केली, आणि त्या एवढ्याशा टॅक्सीत मी तिला हे सगळं सांगून टाकलं. तिच्या लक्षात राहील असं काहीतरी. ती मागे रेलून म्हणाली, “This is wonderful.” मीही खूश; घरी कुणाला ठाऊक नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. मुलांच्या गोपनीयतेची नियमावली मीच लिहिली आहे, पान अन् पान.

चाळीच्या मंडळाची खोली. दारात वैशाली हसतमुख. “ताई, सरप्राइज. वडील आलेत.”

“कुणाचे?”

“सगळ्यांचे. तुमच्याच मार्गदर्शिकेत आहे ना, वडिलांना सहभागी करून घ्या? परवापासून मेसेज टाकतेय. परदेशी पाहुणी आणि बटाटेवडा म्हटल्यावर आले बघा.”

आत मुली सतरंजीवर, वडील मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. दत्ताभाऊ शर्ट बदलून, आम्हाला मागे टाकून स्कूटरवर आधीच पोचले होते. रेवतीही.  मी वैशालीला कोपऱ्यात घेतलं. “रेवतीला बोलायला उभी करू नकोस.”

“तिचंच नाव सांगितलंय मी बाईंना.”

रेवती उभी राहिली. मागच्या रांगेकडे एकदा बघितलं आणि सांगितलं की गटात आल्यापासून तिची भीड चेपली, ती हात धुते आणि भावालाही धुवायला लावते. टाळ्या. मी जिवात जीव आल्यासारखं भाषांतर केलं.

हेलेनाने भुवया जवळ आणल्या. मला इंग्रजीत म्हणाली, “तिला डोळ्यांबद्दल विचार. ते चार दिवस.”

मी रेवतीकडे वळले. “बाई विचारतायत, आखणी करताना श्वास का धरतेस?”

“हात हलू नये म्हणून.”

माझं हे पुण्यकर्म चालू असताना हेलेना उठली. ती प्रेमळ बाई आहे, हे मी आजही सांगेन. रेवतीच्या खांद्यावर हात ठेवून तिने आपल्या स्वच्छ दिल्लीच्या हिंदीत सगळ्या खोलीला ऐकवलं, “पीरियड्स में भी मूर्ति बनाती है ये लड़की. बहुत बहादुर है.”

 रेवतीने श्वास धरलेला मला दिसत होता, हातात ब्रश नव्हता तरी.

वडिलांच्या पहिल्या रांगेतले सावंत वळले. त्यांच्या घरचा गणपती दत्ताभाऊंकडूनच येतो. “भाऊ, बाई काय म्हणतात? त्या दिवसांत पण?”

दत्ताभाऊंनी मुलीकडे बघितलं. ती खाली सतरंजीकडे बघत होती.

“माझी मूर्ती परवा बघून आलो मी. डोळे हिनेच काढलेत?”

“हिनेच.”

“कधी?”

म्हणजे कुठल्या दिवशी. एवढ्या लोकांत, एका बापाला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि वैशालीने माझा दंड इतका जोरात दाबला की निळा वळ घेऊन मी घरी आले.

“सावंतानू,” दत्ताभाऊ म्हणाले, “मूर्ती पसंत आसा मां?”

“पसंतीचा प्रश्न नाय. रीत म्हणून काय आहे की नाय?”

“मातीच आहे ती. प्राणप्रतिष्ठा तुमचे भटजी करतात, तुमच्या घरी. तोवर माती.”

“आणि तुमच्या कारखान्याची शिस्त? त्या चार दिवसांची सुट्टी?”

भाऊंनी रुमालाने मान पुसली. सकाळी स्वतःच सांगितलेला नियम त्यांना आठवत असणार, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. “माझ्या कारखान्यात सुट्टी गणपती पोचवल्यावर,” ते म्हणाले. “रेवती, चल. अकरा नग सुकलेत.”

बापलेक स्कूटरवरून गेले. वडे गार झाले, आणि सावंतांनी दोन खाल्ले.

परतीच्या टॅक्सीत हेलेनाने विचारलं, “मी काही चुकीचं बोलले का?” मी म्हटलं, माझंच वाक्य तू मोठ्याने बोललीस. 

भाऊंना आधीपासून माहीत होतं की त्या खोलीतच कळलं, याचा उलगडा मला झालेला नाही. स्कूटरवर बाप मुलीला काय म्हणाला तेही नाही. पुण्यात आल्यावर आठवडाभर मी वैशालीला फोन करायची हिंमत करत नव्हते. शेवटी तिनेच केला.

“बसतेय कारखान्यात. रोज. भाऊ विचारत नाहीत, ती सांगत नाही.”

“आणि सावंत?”

“मूर्ती बदलून मागितली त्यांनी. भाऊंनी मुकाट्याने दुसरी दिली.”

मी अहवाल उघडून बसले होते. “मग दुसरीचे डोळे भाऊंनी काढले?”

“भाऊंचा हात कापतो ताई, दोन वर्षं झाली. सगळ्या तीच करते.”

“सावंतांना सांगितलं?”

“त्यांनी विचारलं नाही. मूर्ती हातात घेतली आणि म्हणाले, बघा, या डोळ्यांत कसं तेज आहे.”

अहवालात मी रेवतीचं हात धुणं लिहिलं.