साहेबांसाठी बुजवलेलं भगदाड

आमचा आचऱ्याचा बाबली म्हणजे पाहुणचाराचा वेडा! खाडीचा बांध फुटून खारं पाणी त्याच्या भातशेतीत शिरायचं. दुरुस्तीच्या सरकारी अनुदानासाठी त्याने वर्षानुवर्षं अर्ज केले, तेव्हा कुठे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. साहेबांचे पाय चिखलाने भरू नयेत, म्हणून या गड्याने आदल्या दिवशी भगदाडच माती टाकून बुजवलं!

साहेब म्हणाले, "बांध तर धड आहे."

"साहेब, ही माती कालचीच हो!" बाबली काकुळतीला आला. साहेब शहाळं पिऊन गेले.

बायको सावित्री कडाडली, "आता भरतीकय शहाळा पाजा तुमी!"

अमावास्येच्या भरतीने माती नेली. यंदा शेतात भात नाही, मीठच पांढरं दिसतं. नव्या अर्जाला उत्तर येतं: पाहणी झाली आहे, बांध सुस्थितीत आहे.