हार्मनी पेडल आणि सावियोचा खांदा

मित्रहो, ओठाला दोन टाके पडलेत, म्हणून फोन उचलत नाही, लिहितोय.

आमच्या बँडमध्ये मी गिटारवर जी चाल वाजवतो, तीच सावियो वीस वर्षं त्याच्या गिटारवर वरच्या सुरात साथीला वाजवतोय. आज वाकोल्यात तो प्रॅक्टिसला आला, तेव्हा मी नवं हार्मनी पेडल, म्हणजे गिटारच्या सुराला वरचा सूर आपोआप जोडणारं यंत्र, पायाने दाबून एकटाच दोघांचे सूर काढत होतो.

“माझा पार्ट मशीनला दिलास?”

“नुसतं बघतोय रे.”

“खोटारड्या!” म्हणत त्याने तोंडावर ठोसा मारला. मी गिटारच त्याच्या खांद्यावर हाणली.

मी खोटंच बोललो होतो. शनिवारी लग्नात वाजवायला त्याला न्यायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. सांगायची हिंमत नव्हती.

आता त्याच्या खांद्याचं हाड मोडलंय. शनिवारी त्याचा पार्ट पेडलच वाजवणार. पण त्याचा खांदा मीच मोडलाय, तर मी ते पायाने दाबावं का? खरं सांगा.