धोका खात्याच्या बाई

परग्रहावरून कोणी पृथ्वीवर उतरलंच, तर कळवायचं कोणाला, याची सोय चित्रकथांच्या एका साप्ताहिकाने करून ठेवली होती. त्यातला नायक उडायचा, इमारती खांद्यावर पेलायचा. पण उडण्याआधी त्याला 'परग्रह धोका निवारण खात्या'चा लेखी हुकूम लागायचा. हुकूम यायला उशीर झाला की तो बिचारा गच्चीच्या कठड्यावर पाय सोडून बसायचा आणि खाली शहराची राखरांगोळी होत राहायची. वाचकांना नायकापेक्षा हे खातंच जास्त आवडलं. एकदा संपादकांना लहर आली आणि त्यांनी शेवटच्या पानाच्या तळाशी छापलं, की संशयास्पद काही आढळल्यास खात्याला कळवा. खाली टपालपेटीचा नंबर दिला.

पहिल्याच आठवड्यात चाळीस पत्रं आली. संपादकांनी ती उचलून मुद्रितं तपासणाऱ्या बाईंच्या टेबलावर ठेवली आणि हात झटकले.

दुसरं कोणी असतं तर त्या पत्रांच्या भेळेसाठी पुड्या बांधून मोकळं झालं असतं. पण बाईंनी आधी अकरा वर्षं जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत काढली होती, आणि कागद आला की त्याला नंबर पडलाच पाहिजे आणि पंधरा दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, हे तिथे त्यांच्या हाडीमांसी खिळलं होतं. त्यांनी आवकजावक वही आखली. गोल शिक्का करून घेतला. जिन्याखालच्या खोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला, एक टेबल आणि एक डुगडुगती खुर्ची मांडली. पृथ्वीचं रक्षण एकोणीस वर्षं तिथून चाललं होतं, आणि खुर्चीच्या पायाखाली घडी घातलेला कागद होता.

उत्तरांचे चार नमुने बाईंनी छापून घेतले होते. नमुना एक आकाशातल्या दिव्यांसाठी. नमुना दोन विचित्र आवाज आणि वासांसाठी. नमुना तीन संशयित व्यक्तींसाठी. नमुना चार, आपण स्वतःच परग्रहावरचे आहोत असं कळवणाऱ्यांसाठी. त्यांना खातं मुक्काम सुखाचा होवो म्हणायचं आणि पत्ता बदलल्यास कळवायला सांगायचं. नमुन्यात न बसणाऱ्यांना बाई हाताने लिहायच्या. आमचे मुख्याध्यापक परग्रहावरचे आहेत, अशी एका वर्गाने सामूहिक तक्रार केली, तेव्हा बाईंनी कळवलं की संबंधित गृहस्थ खात्याचेच गुप्त कर्मचारी आहेत, त्यांना त्रास दिल्यास पृथ्वी धोक्यात येईल. ते पत्र त्या मुख्याध्यापकांनी पुढे चौकटीत लावलं म्हणतात.

घरी नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि फावल्या वेळात बायकोची फिरकी घ्यायचा. दूध उतू गेलं की गॅस बंद करायच्या आधी तो विचारायचा, हे नमुना एकमध्ये जातं की दोनमध्ये. बाई त्याच्याकडे चष्म्यावरून बघायच्या. खात्याने आजवर एकदाही आपली चूक कबूल केलेली नव्हती, आणि घरात तरी कुठे वेगळी पद्धत होती.

मग साप्ताहिकात माणसांची हुबेहूब नक्कल करणारे परग्रहवासी आले. ते ओळखायचे कसे, हे अजून खुद्द संपादकांनाही सुचलेलं नव्हतं, पण वाचकांना तोवर धीर कुठला. जो तो आपापल्या घरात संशयाने बघू लागला. कोणाचा दादा एकाएकी गोड बोलू लागला होता, कोणाच्या मावशीने न मागता खाऊ दिला होता. आठवड्याला दोनदोनशे पत्रं. बाई पहिली ओळ वाचायच्या, नंबर टाकायच्या आणि नमुना तीन पाकिटात सारायच्या.

नमुना तीन कडक होता, म्हणून पोरांचा लाडका होता. संशयिताशी बोलू नये. त्याच्यापासून सहा फुटांचं अंतर ठेवावं. त्याच्या हातून काही खाऊ नये. त्याच्या हालचाली वेळेसह नोंदवाव्यात. पुढील आदेश येईपर्यंत हे चालू ठेवावं. पुढील आदेश कधी येत नसत, कारण तिसऱ्या दिवशी पोरं सगळं विसरून खेळायला पळायची. बाईंनी नमुना तोच हिशेब धरून केला होता.

महिन्याभराने एक पत्र आलं. अक्षर नऊएक वर्षांच्या मुलीचं, ओळी पट्टी धरून आखलेल्या.

"माननीय साहेब, आपल्या आदेशाप्रमाणे सर्व चालू आहे. सहा फूट मोजून खडूने रेघ मारली आहे. पुसली गेली की परत मारते. आई रागावते, पण मी तिला शिक्का दाखवला. काल तो रडला. परग्रहावरचे रडतात का? नमुन्यात तसा रकाना नाही. पुढील आदेश कधी येणार?"

बाईंनी वही उलटीपालटी करून नंबर शोधला आणि गठ्ठ्यातून तिचं पहिलं पत्र काढलं. आमच्या घरात बाबांच्या जागी दुसरा माणूस आला आहे, ही त्याची पहिली ओळ. बाईंनी त्या दिवशी तेवढीच वाचली होती. पुढे लिहिलं होतं, की बाबा दोन महिने दवाखान्यात होते. तिथून आलेल्या माणसाचं तोंड वाकडं आहे, उजवा हात हलत नाही. तो चमच्याला खिडकी म्हणतो आणि मला आत्याच्या नावाने हाक मारतो. आई म्हणते हेच बाबा, पण आईलाही फसवलेलं असू शकतं.

 एका आजारी माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच लेकीपासून त्यांनी महिनाभर रेघेपलीकडे बसवलं होतं, आणि तेही शिक्का मारून. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संपादक म्हणाले, त्यात काय, सगळी गंमत होती म्हणून कळवून टाका. बाई म्हणाल्या, तिची आई महिनाभर खरं सांगते आहे आणि पोरगी आमच्या कागदावर विश्वास ठेवते आहे. आता कागदच म्हणाला गंमत होती, तर गमतीपायी आपण बापाला रडवलं, हे ओझं ती जन्मभर वागवेल.  घरी नवऱ्याने ऐकलं आणि पहिल्यांदाच फिरकी घेतली नाही.

"अगं, हुकूम तुझा आहे," तो म्हणाला. "तूच मागे घ्यायला हवास."

जुन्या कचेरीत नोंदीतली चूक टपालाने दुरुस्त होत नसे. दोन्ही पक्षांना समोर बसवून, वही उघडून करावी लागे. बाईंनी मुलीच्या आईला सगळं खरं लिहिलं. आईने एका शब्दात कळवलं: या. सुट्टीच्या दिवशी दुपारी बाई आवकजावक वही, शिक्का आणि शाईची गादी पिशवीत घालून बसने निघाल्या.

दुसरा मजला चढून त्यांनी कडी वाजवली. दार आईने उघडलं. तिच्याकडे महिन्याभराचा राग साठलेला होता, तो तिने उंबऱ्यातच मोकळा केला. बाईंनी तो मान खाली घालून, उभ्याने ऐकला. मग आईने त्यांना आत घेतलं.

खोलीत फरशीवर खडूची ठळक रेघ होती. पलीकडे खुर्चीत बाप, उजवा हात मांडीवर ठेवलेला. अलीकडे मुलगी, छातीशी वही.

"साहेब नाही आले?" तिने विचारलं.

"साहेब मीच," बाई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून बरोबर रेघेवर बसल्या.

त्यांनी नोंदी मागितल्या आणि मोठ्याने वाचायला घेतल्या. सोमवार, ७ वाजता: चहा सांडला, डाव्या हाताने स्वतः पुसला. साडेसात: रेघेपलीकडे राहिलेल्या माझ्या दप्तराची चेन लावायचा प्रयत्न, जमलं नाही. ५: मी शाळेतून आले, तो दारात खुर्ची घेऊन बसलेला. मंगळवार, ५: दारात. बुधवार, ५: दारात. पानामागून पान तेच. 

वही मिटून त्यांनी निकाल दिला. नक्कल करणारे तयारीने येतात, त्यांच्या हातून चहा सांडत नाही, चमच्याला ते बिनचूक चमचा म्हणतात. इतक्या चुका करणारा माणूस नकली असूच शकत नाही. हे तुझे बाबाच आहेत.

"मग चूक कोणाची?" मुलगी म्हणाली.

"खात्याची. मी तुझं पत्र पहिल्या ओळीपुढे वाचलं नाही."

आणि बाईंनी आवकजावक वही उघडून, तिच्या नंबरासमोर, हेच वाक्य लिहिलं. खाली सही केली, शिक्का मारला. बापापुढे वही धरून, खात्यातर्फे आणि स्वतःतर्फे माफी मागितली. त्याच्या तोंडून एक शब्द आला, तो कोणालाच कळला नाही.

"हे बाबा आहेत, तर आधीचे कुठे गेले?" मुलगी म्हणाली.

याला नमुना नव्हता.

"हेच ते, बाळा. आजारात त्यांचे शब्द हरवलेत. किती परत मिळतील, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मला तर नाहीच."

 मुलीने विचारलं, या नोंदींचं आता काय करायचं. बाई म्हणाल्या, ज्याची नोंद असते त्याला ती दाखवायची असते, काही चुकलं असेल तर तोच सांगतो. मुलगी उठली, वडिलांच्या खुर्चीजवळ गेली आणि वही त्यांच्या मांडीवर उघडून ठेवली. इतक्या जवळ ती महिन्याभरात आली नव्हती.

ते एकेक ओळीवर बोट ठेवून वाचत होते. मग त्यांनी डावा हात पुढे केला. मुलीला क्षणभर कळेना, मग तिने पेन्सिल दिली. त्यांनी सोमवारच्या शेवटच्या नोंदीतला ५ खोडला आणि शेजारी, वेडावाकडा, ४ काढला. मंगळवारचा ५ खोडला, ४ काढला.

"पण बाबा, शाळा पाचला सुटते," मुलगी म्हणाली. "चारला मी येतच नाही."

त्यांनी मान हलवली आणि बोटाने आधी आपली खुर्ची, मग दार दाखवलं. ते त्यांना माहीत होतं. त्यांनी पान उलटलं आणि बुधवारचा ५ खोडला.